शाळेला मानसशास्त्रज्ञ हवा, पण आणायचा कुठून?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचून झाला, ताळेबंद मंजूर झाला आणि ऐनवेळच्या विषयात एका सभासदाने उठून प्रश्न केला. "आपल्या शिक्षण संस्थेने मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ नेमायची जाहिरात दोनदा दिली म्हणता. अर्ज किती आले?" संस्थेच्या सचिवांनी खरे ते सांगितले. पहिल्या जाहिरातीला एकही अर्ज नाही. दुसरीला दोन आले. त्यातल्या एकाने आठवड्यातून एक दिवस पुण्याहून येऊन जाईन असे लिहिले होते आणि दुसरा मुलाखतीला आलाच नाही. सभेत हशा झाला. मागून कुणीतरी म्हणाले, "पगार वाढवा, पळत येतील."

प्रश्न विचारणारा सभासद मात्र हसला नव्हता. त्याचा नातू आठवीत आहे. तोंडी विचाराल ते सगळं सांगतो, हिशेब तर असा करतो की काट्यावरच्या क्लार्कने थक्क व्हावे. पण वही पुढे ठेवली की अक्षरं उलटीपालटी होतात, काना-मात्रा गळतात, ओळच सरळ वाचता येत नाही. घरच्यांनी आणि शाळेने मिळून तीन वर्षे त्याला आळशी ठरवले. चार फटके दिले. हा आळस नसून शिकण्यातली एक विशिष्ट अडचण असू शकते, आणि ती तपासायची शास्त्रीय पद्धत आहे, हे सांगणारा माणूस आपल्या दहा शाळांत एकही नव्हता. आजही नाही.

तेव्हा सभेत अर्धवट राहिलेला हा विषय नीट मांडावा म्हणून हा लेख. पगार वाढवला की माणूस येतो हे अर्धेच खरे आहे. माणूस मुळात तयार झालेला असला तरच तो येणार. आणि तयार करायचा म्हटले तर त्याला किती वर्षे लागतात, पैसा कुठे लावावा लागतो आणि तो मध्येच बंद केला तर काय होते, याचा सगळ्यात ताजा धडा अमेरिकेने घेतला आहे. एवढ्या लांब जायचे कारण एकच. या कामाची सुरुवात तिथे सर्वात आधी झाली, आणि त्यात सर्वात जास्त पैसा घालूनही माणसे अजून त्यांना पुरलेली नाहीत.

आधी हे मानसशास्त्रज्ञ म्हणजे कोण ते पाहू. आपल्याकडे शब्द ऐकला की लोकांना वेड्याचा डॉक्टर आठवतो. तसे नाही. शालेय मानसशास्त्रज्ञ गोळ्या-औषधे देत नाही. मूल का शिकत नाही, एकदम गप्प का झाले, वर्गात मारामाऱ्या का करते, हे तो चाचण्या घेऊन, वर्गात बसून, आईबापांशी बोलून शोधतो आणि शिक्षकाला पुढचा मार्ग दाखवतो. १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाच्या प्राध्यापकाने असला पहिला दवाखाना काढला. त्याच्याकडे आलेला पहिला रोगी म्हणजे एक शाळकरी मुलगा. हुशार होता, पण शुद्धलेखन काही केल्या जमत नव्हते, म्हणून त्याच्या शिक्षिकेनेच त्याला आणले. तपासताना कळले की पोराच्या डोळ्यांतही दोष आहे. चष्मा दिला आणि मग स्वतंत्र शिकवणी सुरू केली. पुढे १९१५ मध्ये कनेक्टिकट राज्याने आर्नोल्ड गेसेल यांना शालेय मानसशास्त्रज्ञ अशाच हुद्द्यावर नेमले, आणि त्यांचे काम होते खेड्यापाड्यांतल्या शाळांत फिरून मुले तपासणे. म्हणजे हे खूळ शहरी, असे कुणी म्हणू नये.

१९७५ साली तिथे कायदा झाला की अपंग आणि शिकण्यात अडचण असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत योग्य शिक्षण मिळालेच पाहिजे. मग तपासणारे लोक लागले आणि पदे भराभर वाढली. पण माणसे त्या वेगाने वाढली नाहीत. तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे म्हणणे असे की पाचशे विद्यार्थ्यांमागे एक माणूस असावा. तिथल्या सरकारी शाळांत सुमारे पाच कोटी मुले आहेत, म्हणजे एक लाख माणूस पाहिजे. प्रत्यक्षात देशाची सरासरी हजाराहून जास्त मुलांमागे एक अशी पडते. निम्मेही नाहीत. खेड्यांतली गत त्याहून वाईट.

कमी का पडतात, ते समजून घेण्यासारखे आहे. पदवी झाल्यावर पुढे कमीत कमी तीन वर्षांचे पूर्ण वेळ शिक्षण, आणि त्यात १,२०० तासांचे प्रत्यक्ष काम, त्यातले निदान ६०० तास शाळेतच. हे काम शिकाऊ उमेदवाराने अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली करायचे असते. आता ज्या तालुक्यात मुळात मानसशास्त्रज्ञच नाही, तिथे शिकाऊ उमेदवार कुणाच्या हाताखाली शिकणार? मग तो शहरातच शिकतो, तिथेच लग्न करतो आणि तिथेच राहतो. शिवाय शिकवणारे प्राध्यापक थोडे, म्हणून विद्यापीठांतल्या जागा थोड्या. इंटर्नशिपच्या वर्षात कमाई फारशी नसते, म्हणून गरीब घरची पोरे या वाटेला जात नाहीत.

ऊस उत्पादकाला हे सांगायला फार पाल्हाळ लावायला नको. नवी जात चांगली म्हणून आपण सगळे उद्या लावू म्हटलो तरी लावता येत नाही. पाडेगावहून किंवा मांजरीहून मूलभूत बेणे आणायचे, ते वाढवून पायाभूत करायचे, त्याचे पुढच्या वर्षी प्रमाणित बेणे, आणि तिथून सभासदाच्या सरीत. तीन पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला नऊ-दहा महिने. पैसे दुप्पट दिले म्हणून डोळा दुप्पट वेगाने फुटत नाही. माणसांच्या बेणेमळ्याचेही असेच आहे. प्राध्यापक हे मूलभूत बेणे, अनुभवी मार्गदर्शक हे पायाभूत, आणि शाळेत येणारा नवा माणूस तिसऱ्या पायरीचा. आपण जाहिरात दिली ती तिसऱ्या पायरीसाठी. पहिल्या दोन पायऱ्यांकडे कुणी पाहिलेच नव्हते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने या पायऱ्यांवर पैसा लावायचे ठरवले, ते मात्र रक्त सांडल्यावर. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंड गावच्या शाळेत गोळीबार होऊन १७ जण गेले. त्यानंतर २०१९ पासून एक अनुदान योजना सुरू झाली. तिची बांधणी चांगली होती. विद्यापीठ आणि गरजू शाळा यांनी जोडीने अर्ज करायचा, शिकाऊ उमेदवारांनी त्याच शाळांत काम करायचे, आणि पैसा त्यांच्या फीसाठी व मानधनासाठी वापरायचा. लगोलग दुसरी योजना आली ती राज्यांना आणि शाळामंडळांना. तिचा उद्देश माणसे नेमणे आणि नेमलेली टिकवणे. पहिली बेणेमळ्याची, दुसरी लागणीची म्हणा.

मग २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डी गावात प्राथमिक शाळेत १९ लेकरे आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. महिन्याभरात, २५ जूनला, दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर झालेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केली. त्यात या दोन योजनांना मिळून पाच वर्षांसाठी १०० कोटी डॉलर ठेवले. शाळांत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते असे मिळून सुमारे १४,००० लोक यातून उभे राहतील असा त्यांच्या शिक्षण खात्याचा अंदाज होता. गोळीबार थांबवायचा तर बंदुकांचे काय, हा वाद तिथे वेगळा चालू आहे आणि आमच्या मते तो खरा वाद आहे. मानसशास्त्रज्ञ म्हणजे काही पोलिस नव्हे. पण त्या निमित्ताने का होईना, शाळांना पैसा मिळाला.

आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारच्या शिक्षण खात्याने ही अनुदाने पुढे चालू ठेवणार नाही असे कळवले. आपल्या धोरणाशी ही कामे जुळत नाहीत, भरतीत वर्णवंशाचा विचार केला जातो, असे कारण दिले. सुमारे १०० कोटी डॉलरचा हा मामला. पाच वर्षांची हमी धरून विद्यापीठांनी मुले घेतली होती, शाळांनी माणसे नेमली होती. तीन वर्षांचे शिक्षण आणि पैसा तिसऱ्याच वर्षी बंद! आडसाली लागण करावी आणि दहाव्या महिन्यात कॅनॉलचे पाणी तोडावे, तसा प्रकार. त्या उसाचे ना बेणे होते ना साखर.

सोळा राज्यांनी मिळून सिएटलच्या फेडरल कोर्टात दावा लावला. डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अनुदाने अशी बंद करणे बेकायदा ठरवले. मधल्या काळात त्याच खात्याने नवे अर्ज मागवले, २७ कोटी डॉलरसाठी, आणि या वेळी पैसा फक्त शालेय मानसशास्त्रज्ञांसाठी. समुपदेशक व समाजकार्यकर्ते यांना वगळून. म्हणजे माणसे कमी आहेत हे नव्या सरकारलाही मान्यच होते. भांडण होते ते कुणी, कशी आणि कोणती माणसे भरायची यावर. कोर्टात कुणी का जिंकेना, मध्ये गेलेला हंगाम काही परत येत नाही. ज्या मुलीने वर्षभर थांबून दुसरी नोकरी धरली ती धरलीच.

त्या देशाची आणखी एक जुनी व्यवस्था आम्हाला जास्त उपयोगी वाटते. विशेष शिक्षणासाठी माणसे तयार करायला तिथे केंद्राच्या शिष्यवृत्त्या आहेत आणि त्यांना अट आहे की एक वर्षाची शिष्यवृत्ती घेतली तर दोन वर्षे त्या क्षेत्रात नोकरी करायची, नाहीतर पैसे परत. शिवाय काही ठिकाणी शाळामंडळे आपल्याच गावचे शिक्षक, आपल्याच शाळेतून शिकून गेलेली मुले हेरतात आणि त्यांना पैसे देऊन शिकायला धाडतात. या पद्धतीला तिथे शब्दच शेतीतला आहे: आपले आपण पिकवा. आपल्या बांधावर हे काही नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्याला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले, आणि पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या त्यांना शिक्षक मिळाले ते अशा तयारीमुळेच. शाळेची इमारत नंतरही बांधता येते, अगदी देवळातसुद्धा भरते. शिक्षक आधी लागतो, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

आता घरचे बघू.

कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा आराखडा केला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. आयोगाने म्हटले होते की माध्यमिक शाळांसाठी दर दहा शाळांच्या गटाला एक फिरता समुपदेशक असावा. या गोष्टीला साठ वर्षे होत आली. योगायोग असा की आपल्या संस्थेच्या नऊ माध्यमिक शाळा आणि एक ज्युनिअर कॉलेज मिळून बरोबर दहाच होतात. त्या दहांना साठ वर्षांत एकही मिळाला नाही, हे सांगताना आम्हाला संकोच वाटतो, कारण त्यातली बरीच वर्षे संस्था आपल्याच ताब्यात होती.

आणि आता प्रश्न ऐच्छिक राहिलेला नाही. विशाखापट्टणमला नीटच्या तयारीसाठी राहिलेल्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शिक्षण संस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. शंभरापेक्षा कमी असतील त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करावी. शिक्षक व इतर नोकरांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये. निर्देश योग्यच आहेत. पण दोन जाहिरातींचा अनुभव जमेस धरला तर प्रश्न तोच उरतो. देशातल्या एवढ्या शाळांनी एकदम जाहिराती दिल्यावर माणूस आपल्या आडगावच्या वाट्याला येणार कधी? वाढीव पगार देऊन शेजारच्या संस्थेचा माणूस ओढायचा, म्हणजे टोळ्या पळवण्याचाच धंदा. उचल वाढते, ऊसतोडे तेवढेच राहतात.

यात एक फसगत संभवते तीही सांगून ठेवतो. कागद पुरा करण्यासाठी दोन दिवसांचे शिबिर केलेल्या कुणालाही 'समुपदेशक' अशी पाटी लावून बसवता येईल. तसे करू नये. मुलाच्या मनातले बोलून घेणे आणि ते पोटात ठेवणे हे शिकावे लागते. चाचण्या घेणे हे त्याहून वेगळे शिक्षण आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातली विशिष्ट अडचण धरलेली आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण त्याचे प्रमाणपत्र अधिकृत रुग्णालयातूनच घ्यावे लागते. शाळेतल्या माणसाचे काम म्हणजे असे मूल वेळेवर ओळखणे आणि त्याला योग्य जागी पाठवणे. वर सांगितलेला नातू आठवीत आहे. त्याच्याकडे दोन वर्षे आहेत.

आमची सूचना अशी आहे. आपल्या गटांतून मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या मुली आणि मुले निघतील; घरोघरी चौकशी केली तर दिसतील. त्यातली दोन निवडून पुढच्या शिक्षणाला संस्थेने पाठवावीत, दर वर्षाला दोन वर्षे आपल्या शाळांत काम करण्याच्या करारावर. दुसरे म्हणजे प्रत्येक शाळेतला एक शिक्षक. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. त्यात सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने तिथे जाऊन शिक्षण आणि तीन महिने इंटर्नशिप. दहा शिक्षक एकदम सोडता येणार नाहीत, वर्षाला दोन सोडता येतील. तिसरे, या सगळ्यांना हाताखाली घेऊन शिकवील असा एक अनुभवी माणूस पूर्ण वेळ नेमायचा. पगार यालाच द्यायचा, आणि चांगला द्यायचा. दहा शाळांना एक पूर्ण वेळ माणूस आणि शाळेगणिक एक शिकलेला शिक्षक, एवढ्याने न्यायालयाच्या निर्देशाचे पूर्ण पालन होते की नाही, हे वकिलांना विचारून सभेपुढे ठेवू.

खर्चाचा अंदाज घेऊ. समजा गळीत सहा लाख टन धरले आणि टनामागे एक रुपया बाजूला काढला, तर वर्षाला सहा लाख होतात. अनुभवी माणसाला महिना ३५,००० दिले तर वर्षाचे ४ लाख २० हजार. उरलेल्या १ लाख ८० हजारांत दोन उमेदवारांना महिना साडेसात हजार विद्यावेतन बसते. शिक्षकांच्या डिप्लोमाचा खर्च संस्थेने आपल्या फंडातून करावा. एकरी चाळीस टन काढणाऱ्या सभासदाला एकराला चाळीस रुपये पडतात. मात्र सभेची मंजुरी आणि सभासदाची लेखी संमती असल्याशिवाय उसाच्या बिलातून एक पैसाही कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि मंजुरी द्यायची तर एकदम पाच वर्षांची द्यावी. भाव कमी बसला, संचालक मंडळ बदलले, म्हणून मध्येच हा फंड दुसरीकडे वळवता येणार नाही, असे ठरावातच लिहावे. अमेरिकेची गोष्ट एवढी सविस्तर सांगितली ती याचसाठी.

काही सभासद म्हणतील, करार संपला की पोरगी शहरात जाईल. काही जातील. पण आमचा अनुभव असा की माणूस पगारापेक्षा कामाला कंटाळून जास्त जातो. समुपदेशक नेमून त्याला जर पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि बदली तासिका यांतच गुंतवले, तर तो राहील कशाला? मुख्याध्यापकांनी हे आधीच कबूल केले पाहिजे. बसायला दार लावता येईल अशी एक खोलीही पाहिजे. स्टाफरूमच्या कोपऱ्यात कुठलीही मुलगी तोंड उघडणार नाही.

एक गोष्ट या योजनेत अजून बसलेली नाही. गळीत हंगामात तोडणी कामगारांबरोबर येणारी मुले आपल्या अड्ड्यावर पाच-सहा महिने असतात. त्यांची नावे आपल्या शाळांच्या पटावर नसतात, मोजणीत ती कुठेच येत नाहीत. धाकट्या भावंडाला सांभाळत कोपीत बसलेली दहा वर्षांची पोर काय सोसते हे तपासायलाही माणूस लागतो. नव्या माणसाच्या आठवड्यातला एक दिवस हंगामात अड्ड्यासाठी राखून ठेवावा, असे एका संचालकांनी सुचवले आहे. आम्ही त्याला दुजोरा देतो.

ऑगस्टमध्ये होणाऱ्या गट सभांत हा विषय घेतला जाईल आणि सूचना जमवून ठराव सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे येईल. आपल्या घरात किंवा भावकीत मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेली मुलगी, सून किंवा मुलगा असेल तर नाव, गट क्रमांक व शिक्षण लिहून गट ऑफिसात द्यावे. फिल्डमनकडे दिले तरी चालेल. तोपर्यंत ज्यांना अडचण आहे त्यांनी सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. फोन फुकट आहे, दिवसा-रात्री केव्हाही लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक दहाही शाळांच्या फळ्याशेजारी रंगवून घ्यावा, असे सचिवांना कळवले आहे.